जपानी फाउंटन पेनांवरची उरुशी आणि माकी-ए : रोजच्या वापरात हे रोगण किती टिकते?

दौतलेखणी

उरुशीचे, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेल्या रोगणाचे काम असलेला जपानी पेन घ्यावा असे मनात असूनही अनेकजण एकाच भीतीपोटी मागे फिरतात. इतक्या किमतीचा पेन रोज खिशात बाळगला, तर रोगणाला चरे पडतील, सोनेरी चित्र पुसले जाईल आणि काही वर्षांत हाती नुसती काळी नळी उरेल, अशी ती भीती असते. त्यामुळे हे पेन कपाटात जातात किंवा, त्याहून वाईट म्हणजे, काचेच्या पेटीत उजेडात मांडून ठेवले जातात. माझे मत याच्या उलट आहे. उरुशी पेनावर आली ती मुळात संरक्षण म्हणून. सजावटीचा भाग तिला नंतर चिकटला.

विसाव्या शतकाच्या आरंभी चांगले पेन एबोनाइटचे, म्हणजे गंधक मिसळून कडक केलेल्या रबराचे असत. एबोनाइट हाताला उबदार लागते, कातून आकार देण्यास सोपे असते आणि शाईने खराब होत नाही. मात्र ऊन आणि दमट हवा यांचा एकत्रित परिणाम झाला की पृष्ठभागावरचे गंधकाचे बंध तुटू लागतात आणि काळा रंग विटून शेवाळी-तपकिरी होतो. आपल्याकडे एबोनाइटचे हातबनावटीचे पेन वापरणाऱ्यांना हा बदल ओळखीचा असेल. तोक्योच्या व्यापारी नौकानयन विद्यालयात अध्यापक राहिलेले र्‍योसुके नामिकी यांनी मासाओ वादा यांच्यासह 1918 मध्ये पेनांची कंपनी काढली, तीच पुढे पायलट झाली. या कंपनीने एबोनाइट विटू नये म्हणून त्यावर उरुशीचा थर देण्याची रीत बसवली. ‘लॅकनाइट’ नावाच्या या पद्धतीचे पेटंट 1925 च्या सुमाराचे आहे. गोनरोकू मात्सुदा यांच्यासारखे माकी-ए कलावंत, म्हणजे उरुशीवर सोन्या-चांदीची भुकटी शिंपडून चित्र काढणारे कलावंत, कंपनीशी जोडले गेले, 1930 मध्ये डनहिल या ब्रिटिश कंपनीशी करार झाला आणि चित्रांकित पेन युरोपात पोहोचले. आधी कवच आणि मग त्या कवचावर चित्र, असा हा क्रम आहे. टिकाऊपणाचा विचार करताना तो विसरू नये.

मूळ द्रव्याच्या चिवटपणाचे एक उदाहरण जपानी कलेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. 1873 च्या व्हिएन्ना प्रदर्शनाहून वस्तू घेऊन परतणारे ‘नील’ हे फ्रेंच जहाज 1874 च्या मार्चमध्ये इझू द्वीपकल्पाजवळ बुडाले. वर्षभराने त्यातल्या काही वस्तू वर काढण्यात आल्या, तेव्हा समुद्राच्या खाऱ्या पाण्यात इतका काळ राहूनही उरुशीचे काम जवळपास अबाधित होते.

तरीही वापरलेले उरुशी पेन खराब झालेले दिसतात, हेही खरेच आहे. माझ्या पाहण्यात तीन वेगळे दोष येतात: घासून होणारी झीज, आपटल्याने उडालेला टवका आणि उजेडाने गेलेली झिलई. या तिन्हींची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. बहुतेक चर्चांत मात्र त्या सगळ्यांना ‘रोगण खराब झाले’ असे एकच नाव दिले जाते. जाणकारांनी या तिन्हींबद्दल सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

रसायनी

विषय चांगला मांडला आहे. रसायनशास्त्राच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण उरुशीचा चिवटपणा आणि तिचा दुबळेपणा ही दोन्ही एकाच रचनेतून आलेली आहेत.

उरुशी म्हणजे उरुशीच्या झाडाचा चीक. त्यात साधारण 60 ते 65 टक्के उरुशिऑल, 20 ते 30 टक्के पाणी आणि उरलेल्या भागात डिंकासारखी शर्करा, प्रथिने व लॅकेज नावाचे विकर असते. 1883 मध्ये हिकोरोकुरो योशिदा यांनी या चिकाचे घट्ट होणे विकरामुळे घडते हे दाखवले, आणि विकरांच्या अभ्यासातले ते अगदी सुरुवातीचे काम मानले जाते. स्पिरिटच्या व्हार्निशप्रमाणे उरुशी द्रावक उडून जाऊन वाळत नाही. लॅकेज हवेतला प्राणवायू वापरून उरुशिऑलचे रेणू एकमेकांत गुंफते, आणि या कामासाठी त्याला ओलावा लागतो. म्हणूनच कारागीर रंगवलेला पेन ‘मुरो’ नावाच्या ओलसर कपाटात ठेवतात, ज्यात 70 ते 80 टक्के आर्द्रता आणि 20 ते 25 अंश तापमान राखलेले असते. कोरड्या हवेत हा थर दिवसेंदिवस चिकटच राहतो.

गुंफण एकदा पूर्ण झाली की ती उलटत नाही. त्यामुळे घट्ट झालेली उरुशी पाण्यात, अल्कोहोलमध्ये किंवा ॲसिटोनमध्ये विरघळत नाही, आम्ल आणि अल्क यांनाही पुरून उरते आणि उकळत्या सुपाच्या वाटीलाही चालते. शाई सांडल्याने तिचे काही बिघडत नाही. हात लावण्याइतकी ती एका दिवसात घट्ट होते, पण पूर्ण कठीणपणा येण्यास अनेक महिने लागतात. नवा पेन मिळाल्यावर पहिले काही महिने तो इतर पेनांशी घासू न देणे याच कारणासाठी शहाणपणाचे ठरते.

दुबळी बाजू आहे अतिनील किरणांची. हे किरण पृष्ठभागावरचे बंध तोडतात. आधी झिलई जाते, मग डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म भेगा पडतात आणि काळा रंग करडा-तपकिरी वाटू लागतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की उजेडाने जीर्ण झालेल्या थरात पाण्यात विरघळणारी आम्लयुक्त द्रव्ये तयार होतात, आणि निरोगी उरुशीला ज्याची मुळीच पर्वा नसते ते पाणी किंवा अल्कोहोल या जीर्ण थराला इजा करते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात 1640 च्या सुमारास क्योतोत घडवलेली ‘माझारिन पेटी’ आहे. तिच्या बाहेरच्या पृष्ठभागाला प्रकाशाने झालेली हानी आवरण्यासाठी 2004 पासून काही वर्षे स्वतंत्र प्रकल्प चालवावा लागला. संग्रहालये अशा वस्तूंवरचा प्रकाश 50 लक्सच्या आसपास ठेवतात, आणि आपल्या खिडकीजवळच्या टेबलावर दिवसा त्याच्या कितीतरी पट प्रकाश असतो. तेव्हा धागाकर्त्यांच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे: उजेडात मांडून ठेवलेला पेन रोज लिहिल्या जाणाऱ्या पेनापेक्षा अधिक धोक्यात असतो.

आंबोलीघाट

दोन प्रश्न विचारतो. आमच्या सावंतवाडीचे लाखेचे रंगकाम आणि ही उरुशी एकाच जातीची आहेत का? दुसरे म्हणजे, उरुशीने अंगावर पुरळ येते असे ऐकले आहे. पेन सतत बोटांत धरायचा असल्याने याबाबत चिंता वाटते. घरात एकाला आंब्याचा चीकही सोसत नाही.

रसायनी

जात पूर्णपणे वेगळी आहे. लाख ही कीटकांनी स्रवलेली राळ आहे. सावंतवाडीचा कारागीर चरकावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी लावतो, तेव्हा घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर बसते. जी वस्तू उष्णतेने बसते ती उष्णतेनेच मऊही होते, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. उरुशीचे तसे नाही, ती एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. लाखकाम दुरुस्त करणे त्यामुळेच सोपे असते आणि उरुशीचे अवघड.

पुरळाची भीती खरी आहे, पण ती कारागिराच्या वाट्याची आहे. उरुशीचे झाड, आंबा, काजू आणि आपला बिब्बा ही सगळी एकाच कुळातली झाडे आहेत. बिब्बा उतल्यावर जशी त्वचा फोडांनी भरते, तसेच ओल्या उरुशीने होते, कारण दोन्हींतले दाहक पदार्थ एकमेकांच्या जवळचे आहेत. घट्ट झालेल्या थरात मोकळे उरुशिऑल जवळजवळ उरत नाही. तरी ज्यांना आंब्याचा चीक किंवा बिब्बा सोसत नाही, त्यांनी अगदी नव्याने रंगवलेला पेन लगेच वापरायला न घेता काही आठवडे हवेशीर पण अंधाऱ्या जागी ठेवावा. नव्या उरुशीला एक आंबूस वास असतो आणि तो गेला की पेन वापरण्यास हरकत नसते.

पूर्वेकडून

मी कामानिमित्त काही वर्षांपासून जपानात राहतो आणि जुन्या पेनांच्या बाजारात वारंवार जातो. झीज नेमकी कुठे होते याविषयी लिहितो, कारण ‘उरुशी टिकते का’ या प्रश्नाला कामाचा प्रकार ठरवल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

आरशासारखी चकाकणारी काळी ‘रोइरो’ झिलई सर्वांत देखणी असते आणि तिच्यावरच बारीक चरे सर्वांत लवकर दिसतात. हे चरे वरवरचे असतात आणि थराच्या टिकण्याशी त्यांचा संबंध नसतो, पण नजरेला ते खुपतात. ज्यांना पेन मनमोकळेपणाने वापरायचा आहे, त्यांनी दगडासारखा खरखरीत पोत असलेले ‘इशिमे’ काम घ्यावे. त्यावर चरा शोधूनही सापडत नाही. ‘तामेनुरी’त लाल किंवा अन्य रंगाच्या थरावर पारदर्शक, मधाच्या रंगाची उरुशी चढवलेली असते, आणि कडांवर हा वरचा थर पातळ असल्याने तिथे खालचा रंग उजळतो. पारदर्शक उरुशी वर्षांगणिक अधिक स्वच्छ होत जाते, त्यामुळे जुन्या तामेनुरी पेनाच्या कडा नव्यापेक्षा अधिक लाल दिसतात. विक्रेत्यांकडे कधीकधी याला झीज समजून तक्रार केली जाते. प्रत्यक्षात हे उरुशीचे पक्व होणे आहे, आणि मला स्वतःला हाच या पेनांचा सर्वांत मोठा आनंद वाटतो. शेंदरी उरुशीही सुरुवातीला तपकिरी छटेची असते आणि हळूहळू उजळते.

माकी-एच्या बाबतीत सोन्याची भुकटी थराच्या वर आहे की आत, यावर सगळे अवलंबून असते. ‘हिरा माकी-ए’त उरुशीने रेखाटलेल्या चित्रावर भुकटी शिंपडून तिच्यावर पातळ थर देतात आणि फक्त चित्राचाच भाग घासून चमकवतात. चित्र पृष्ठभागाच्या किंचित वर राहते, म्हणून बोटांचा सतत स्पर्श होतो तिथे अनेक वर्षांनी भुकटी विरळ होऊ शकते. ‘तोगिदाशी’त भुकटी शिंपडल्यावर सबंध पृष्ठभाग उरुशीने झाकतात आणि मग कोळशाने घासत घासत चित्र पुन्हा वर आणतात. इथे चित्र आणि जमीन एकाच पातळीत येतात, बोटाला काहीही जाणवत नाही आणि झिजण्यासारखा उंचवटाच उरत नाही. रोजच्या वापरासाठी माझी निवड नेहमी हीच असते. ‘ताका माकी-ए’त चित्र उठावदार असते. त्याची झीज सावकाश होते, पण उंच कडेला आपट बसली तर टवका उडतो. ‘राडेन’मधले शिंपल्याचे तुकडे कठीण असतात, तरी पेन वाकला किंवा पडला तर त्यांची कड सुटू शकते.

वापरलेल्या पेनात मी चार जागा आधी पाहतो: टोपणाची ओठासारखी कड, आट्यांचे माथे, क्लिपच्या टोकाखालची जागा आणि नळीचे मागचे टोक. यांतली शेवटची जागा जवळजवळ नेहमी मालकाच्या सवयीने बिघडलेली असते. लिहिताना टोपण मागे खोचले की आतली कड रोगणावर घासते आणि तिथे गोल कडे उमटते. उरुशीच्या पेनाचे टोपण मागे खोचू नये, हा एक नियम पाळला तरी अर्धी झीज टळते.

टाकबोरू

वरील माहिती मोठ्या किमतीच्या पेनांना लागू पडते असे दिसते. पण पाच-सात हजार रुपयांतही ‘माकी-ए’ असे लिहिलेले जपानी पेन मिळतात. त्यांवरचे चित्र किती टिकते? माझ्याकडच्या अशा एका पेनावरच्या सारस पक्ष्याचे पंख बोटे लागतात तिथे फिके झाले आहेत.

दौतलेखणी

या पेनांत राळेच्या, म्हणजे प्लास्टिकच्या नळीवर चित्र जाळीदार पडद्यातून छापलेले असते आणि त्यावर पारदर्शक कृत्रिम रोगण असते. काही ठिकाणी छापील रेषांवर हाताने भुकटी टाकलेली असते. हे काम प्रामाणिकपणे सांगून विकले जात असेल तर त्यात गैर काहीच नाही, पण त्याच्या टिकाऊपणाचे गणित वेगळे आहे. वरचा पारदर्शक थर जितका जाड, तितके चित्र टिकेल. तो घासून गेला की खालची छपाई लवकर पुसली जाते, कारण ती थरात गुंतलेली नसून थराखाली ठेवलेली असते. आपल्या सारसाचे बहुधा तेच झाले असावे. अशा पेनाला स्पिरिट किंवा जंतुनाशक द्रव मुळीच लावू नये.

मधली एक पायरी ‘काश्यू’ रोगणाची आहे आणि तिचा आपल्या कोकण-गोव्याशी नसला तरी तिथल्या पिकाशी नक्कीच संबंध आहे. काजूच्या टरफलातून निघणाऱ्या दाहक तेलापासून जपानात हे रोगण बनवतात. त्यातली द्रव्ये उरुशिऑलची नातेवाईक असल्यामुळे ते दिसायला उरुशीच्या बरेच जवळ जाते, त्याला ओलसर कपाट लागत नाही आणि ते स्वस्तही पडते. कठीणपणात आणि कालांतराने येणाऱ्या झळाळीत मात्र ते उरुशीची बरोबरी करत नाही. विकत घेताना वर्णनात ‘उरुशी’ असा स्पष्ट उल्लेख आहे का, चित्राचे तंत्र सांगितले आहे का आणि कारागिराची सही आहे का, हे पाहावे.

नळी कशाची आहे हेही विचारावे. नाकाया या जपानी कंपनीच्या किंवा पायलटच्या ‘कस्टम उरुशी’ पेनाची नळी एबोनाइटची असते, तर पायलटच्याच नामिकी या नाममुद्रेच्या ‘युकारी’ पेनाची पितळेची. एबोनाइटवर उरुशी घट्ट धरते आणि एबोनाइट किंचित लवचीक असल्याने धक्का थोडा शोषला जातो. पितळी पेन जड असल्याने अधिक जोरात आपटतो आणि टवका उडण्याचा धोका वाढतो.

भरपावसात

मुंबईच्या हवेबद्दल लिहितो. पावसाळ्यात इथली आर्द्रता मुरोतल्या आर्द्रतेइतकीच असते, तेव्हा दमटपणाने उरुशी खराब होईल ही काळजी सोडून द्यावी. कोरडेपणाचा त्रास लाकडावर उरुशी चढवलेल्या पेनांना अधिक होतो, कारण लाकूड आकसते आणि वरच्या थराला तडा जाऊ शकतो. विदर्भातला उन्हाळा किंवा दिवसभर चालणारे वातानुकूलन असलेली खोली असेल, तर लाकडी पेन बंद पेटीत ठेवावा. पावसाळ्यात खरा त्रास बुरशीचा होतो, आणि तोही रोगणाला नाही तर त्यावर राहिलेल्या घामाला व हाताच्या तेलाला. लिहून झाल्यावर जुन्या, धुतलेल्या मलमलीने पेन पुसून ठेवणे पुरेसे असते. मोटारीच्या पुढच्या काचेखाली मात्र पेन कधीही ठेवू नये, तिथे ऊन आणि उष्णता दोन्ही एकदम मिळतात.

निब धुताना गरम पाणी वापरू नये, ही सूचनाही यात जोडतो. उरुशीला ते चालते, पण खालचे एबोनाइट गरम पाण्यात मऊ पडते आणि आट्यांचा आकार बिघडू शकतो.

टाकबोरू

टवका उडालाच तर दुरुस्ती होते का? घरी पॉलिश करून चरे काढता येतात का?

पूर्वेकडून

घरी काहीही करू नये. ब्रासोसारखे धातूचे पॉलिश किंवा टूथपेस्ट यांतले कण उरुशीच्या मानाने भरड असतात. रोइरो झिलईचा शेवटचा हात कारागीर अतिसूक्ष्म भुकटी बोटावर घेऊन देतो, आणि मधल्या प्रत्येक पायरीला उरुशी पुसून मुरवली जाते. घरच्या पॉलिशने चरा जाण्याआधी चित्रावरचा संरक्षक थर जाईल.

कारागिराकडून दुरुस्ती निश्चित होते. टवक्याची जागा थरांनी भरून काढतात, पुन्हा घासतात आणि गरज पडल्यास सबंध नळीवर नवा हात देतात. उरुशी उरुशीवर उत्तम धरते, हा तिचा मोठा गुण आहे. अडचण रंग जुळवण्याची असते, कारण जुना थर उजळलेला असतो आणि नवा गडद. दुरुस्तीनंतर काही काळ डाग दिसला तर घाबरू नये, पुढे फरक कमी होत जातो. जपानात हे काम ज्या कंपनीचा पेन असेल तिच्याकडेच पाठवणे सर्वांत सुरक्षित असते.

वेळ मात्र हाताशी ठेवावा लागतो. 1 जानेवारी 2024 च्या नोतो भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत वाजिमा शहराचे, तिथल्या रोगण कार्यशाळांचे मोठे नुकसान झाले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पुराने पुन्हा तडाखा दिला. अनेक पेनांची उरुशी याच गावात चढवली जाते. कच्च्या मालाचीही टंचाई आहे. झाड दहा-पंधरा वर्षांचे झाल्यावर एका हंगामात त्याच्यापासून जेमतेम 200 ग्रॅम चीक मिळतो आणि मग ते झाड तोडतात. जपानात वापरली जाणारी बहुतांश उरुशी चीनमधून येते, आणि इवाते प्रांतातल्या जोबोजीची देशी उरुशी मुख्यतः राष्ट्रीय वारशाच्या मंदिरांसाठी राखली जाते. दुरुस्तीला विलंब झाला तर कारागिरांना दोष देऊ नये, एवढेच सांगावेसे वाटते.

आंबोलीघाट

सर्वांचे आभार. एक शंका उरली आहे. चित्रात सोन्याऐवजी चांदीची भुकटी असेल, तर ती काळी पडते का?

दौतलेखणी

पडते, पण सावकाश. वर उरुशीचा थर असल्याने उघड्या चांदीइतक्या वेगाने नाही, तरी हवेतला गंधक हळूहळू आत पोहोचतो आणि चंद्र, धुके किंवा पाण्याच्या लाटा चांदीत रंगवल्या असतील तर त्यांना राखाडी छटा येते. माझ्या दृष्टीने तो दोष नाही, जपानी कारागीर हा बदल गृहीत धरूनच चांदी वापरतात. तो लांबवायचा असेल तर पेन गंधकयुक्त वस्तूंपासून दूर ठेवावा: रबरी आच्छादन, रबरबँड, लोकरी कापड आणि रंग न दिलेले, उघडे एबोनाइटचे पेन. चांदीकाम असलेला पेन आणि साधे एबोनाइट पेन एकाच बंद पेटीत ठेवण्याची पद्धत अनेकांकडे आहे, ती मोडावी. चांदी काळी पडल्यावर ती उजळण्यासाठी दागिन्यांचे द्रावण लावू नये, कारण ते आधी वरच्या पातळ थराशी झगडेल आणि भुकटीपर्यंत पोहोचेपर्यंत चित्राच्या रेषा सैल झालेल्या असतील. पेन घेण्यापूर्वीच विक्रेत्याला चित्रात कोणता धातू वापरला आहे हे विचारून घ्यावे. सोन्याच्या चित्रातही चंद्रासारखे काही भाग चांदीचे असतात आणि छायाचित्रावरून ते नेहमी ओळखता येत नाहीत.